कोरडं कुंकू

मला थांबता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. ट्रेनची वाट बघताना मी प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहते, चहा उकळेपर्यंत ओटा पुसून घेते, आणि समोरचा माणूस शब्द शोधत असला तर त्याचं वाक्य मीच पूर्ण करून टाकते. ऑफिसात मला याच स्वभावाचा पगार मिळतो. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं की बाकीचे कारण शोधत असतात तोवर मी दुरुस्ती करून मोकळी. घरी याच स्वभावापायी मी एकदा देवीचा डोळा पुसला. ते कसं झालं हे मी आजवर कुणाला सलग सांगितलेलं नाही.

आम्ही न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या लोअर हट या गावात राहतो. घर जुनंच आहे, पण आधीच्या मालकाने भिंतींत इन्सुलेशन भरून घेतलं होतं आणि हीट पंपही बसवला होता, त्यामुळे हिवाळ्यात घर कोरडं राहतं. आमच्याकडे ही साधी गोष्ट नाही. स्थळ बघताना मुलाचा पगार विचारावा तसं इथे घराची ओल विचारतात. कितीतरी भाड्याच्या घरांत जूनपासून खिडक्यांना आतून पाणी सुटतं, कपाटामागे बुरशी चढते आणि चामड्याचे बूट हिरवे होतात.

थांका, म्हणजे देवीचं ते गुंडाळता येणारं तिबेटी चित्र, आमच्याकडे आला तो या कोरडेपणामुळे. मागच्या गल्लीत साठीचे एक तिबेटी गृहस्थ एकटेच राहतात. एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करण्याची नोकरी करतात. आमची ओळख शनिवारच्या बाजारात झाली. भाजीवाल्याला मी मुळ्याचा पाला तोडून टाकायला सांगत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी हिंदीत म्हणालं, "पत्ते मुझे दे दीजिए." ते लहानाचे मोठे हिमाचलात झालेले, त्यामुळे त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. तेव्हापासून मुळे माझे आणि पाला त्यांचा असा करार झाला. रविवारी ते चहाला यायचे. माझी लेक त्यांना अंकल म्हणायची, मी काका.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांची बहीण आजारी पडली आणि त्यांना दोन-अडीच महिने हिमाचलात जावं लागणार होतं. एका रविवारी ते पिवळ्या कापडात गुंडाळलेली एक लांब गुंडाळी घेऊन आले. आमच्या हॉलमधल्या भिंतींवर त्यांनी एकेक करून तळहात टेकवून बघितला, बाहेरच्या दोन नापसंत केल्या आणि आतली एक निवडली. मग गुंडाळी वरून खाली हळूहळू सोडली.

मी थांके पाहिले होते ते दुकानांतले. हा तसा नव्हता. सुती कापडावरचं चित्र, भोवती जरीकाठाची चौकट, वर-खाली लाकडी दांड्या आणि पुढे पातळ रेशमी पडदा. पडदा वर केला तर कमळावर बसलेली एक देवी. अंग हळदीसारखं पिवळं, उजव्या हातात कलश, डाव्या हातातल्या कमळावर एक गोल आरसा. नाव शेरब जम्मा. त्यांनी अर्थ सांगितला, ज्ञानाची प्रेमळ आई. मी मान डोलावून म्हटलं, "हां, बुद्धिस्ट." ते हसले. हा गैरसमज त्यांनी जन्मभर दुरुस्त केलेला असणार. म्हणाले, नाही, आम्ही बोन. तिबेटात बौद्ध धर्म यायच्या आधीपासूनचे. आम्ही देवळाला प्रदक्षिणासुद्धा उलट्या बाजूने घालतो.

त्यांची आई गेली तेव्हा तिच्या नावाने हे चित्र करवून घेतलं होतं. चित्राच्या मागे तिचं नाव लिहिलेलं होतं, तेही त्यांनी दाखवलं. त्यांच्या भाड्याच्या घरात गेल्या हिवाळ्यात जरीला बुरशीचे ठिपके पडले होते, आणि आता तर घर बंद राहणार होतं. निघताना मी विचारलं, काय काळजी घ्यायची? "बस, पानी से बचाना," ते म्हणाले. "बाक़ी ये अपना ख़याल ख़ुद रखती है."

ते गेले आणि आठवड्याभराने पुण्याहून आई आली.

आईने तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि शाळा सुटली तरी ती सवय सुटली नाही. तिला अर्धं उत्तर चालत नाही. "जेवलीस?" असं विचारल्यावर "हो" म्हटलं तर ती थांबून राहते. "पूर्ण वाक्यात सांग." माझ्या लेकीला मराठी समजतं पण ती उत्तर इंग्रजीत देते. आईला तेही चालायचं, फक्त वाक्य पूर्ण हवं. "आय हॅव हॅड हीप्स, आजी," म्हणजे मी भरपूर जेवले, असं म्हणेपर्यंत पोरीची सुटका नसे.

बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई सोवळ्याओवळ्याची कधीच नव्हती, आणि नातेवाइकांपैकी कुणी तिला काही सांगितलंही नव्हतं. पण त्या दिवसापासून तिने कुंकू लावलं नाही. मी फोनवर तिच्याशी खूप वाद घातले. काळ कुठे चाललाय, तू शिकलेली बाई, मुलींना काय शिकवलंस, वगैरे सगळं ऐकवलं. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मला वाटलं की मी लावीन. तू सांगितलंस म्हणून नाही." इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी देवापुढचा कुंकवाचा करंडा उचलून तिच्यासमोर धरला होता. म्हटलं, इथे कोण बघतंय तुला? तिने तो माझ्या हातातून घेतला आणि जागच्या जागी ठेवून दिला.

थांका मात्र तिला फार आवडला. सकाळी अंघोळ झाली की ती पडदा वर करायची, हात जोडायची आणि चष्मा लावून एकेक गोष्ट बघत बसायची. आसनावरचं स्वस्तिक तिने दुसऱ्याच दिवशी हेरलं. "हे उलटं आहे गं." मी तिला ते डाव्या प्रदक्षिणेचं सांगितलं. ती विचार करून म्हणाली, "म्हणजे एकाच देवळाला आपण आणि ते फेऱ्या घालायला लागलो तर दर फेरीला समोरासमोर येणार. बरं आहे, ओळख तरी होते." मग चहा घेऊन ती तिथेच खुर्चीत बसली. दिवसभर तिला बोलायला कुणी नव्हतं. नवरा त्या महिन्यांत कामासाठी ऑकलंडला, न्यू लिनला एका मित्राकडे राहत होता, मी ऑफिसात आणि पोर शाळेत.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी मी वैतागून घरी आले. दुपारी मीच घाईने केलेली एक दुरुस्ती ऑफिसात अंगाशी आली होती आणि चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं होतं. दक्षिणेचा गार वारा सुटला होता. लेकीला पोहण्याच्या क्लासवरून घेतलं तर तिचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, नीट पिळलेले नव्हते, त्यामुळे पिशवी गळत होती. मी एका हातात ती पिशवी आणि दुसऱ्या हातात ओल्या वाइप्सचं पाकीट घेऊन दार उघडलं. आत आले तर पडदा वर केलेला, आणि देवीच्या कपाळावर ठसठशीत लाल कुंकू.

त्यानंतरचं सगळं एका मिनिटात झालं. मी ओरडले, "आई! हे काय करून ठेवलंस?" पिशवी टाकली, वाइप काढला आणि पुसायला लागले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्याचं मला पावलांवरून कळलं. मी वळून बघितलं नाही, पुसत राहिले आणि बोलत राहिले. "दोन वर्षं स्वतःच्या कपाळाला लावलं नाहीस. मी घसा कोरडा केला तेव्हा ऐकलं नाहीस. आणि आता दुसऱ्याच्या देवीला फासायची हौस आली? स्वतःचं संपलं म्हणून लोकांच्या देवावर?"

हे मी म्हणाले. शब्द हेच होते. यातला एकही मी नंतर मऊ केलेला नाही.

वाइपवर आधी लाल आलं, मग पिवळं. मी आणखी चिडले. "वर हळद पण थापलीस?" असं म्हणून पिवळं जाईपर्यंत मी दोनदा घासलं. पिवळं जाईना, उलट वाढतच गेलं.

मागून आई म्हणाली, "हळद नाही लावली मी. नुसतं कुंकू लावलं. कोरडं."

माझा हात थांबला. कपाळाचा अर्धा भाग, डावी भुवई आणि डाव्या डोळ्याची वरची कड गेली होती, आणि तिथे खालचा खडूसारखा पांढरा थर दिसत होता. वाइपवर जे होतं तो तिचा चेहरा होता.

तेव्हा मी वळले. आईच्या कपाळावर कुंकू होतं. गोल, जरा मोठं, कडेला थोडं विसकटलेलं, सवय मोडलेल्या हाताने लावलेलं. दोन वर्षांनी तिने स्वतःहून लावलेलं कुंकू मी असं बघितलं. तिने माझ्याकडे बघत स्वेटरची बाही वर उचलली आणि कपाळ पुसलं. एकदाच, पण पूर्ण. मग म्हणाली, "पोरीला भूक लागली असेल," आणि आत गेली. लेक दारात उभी होती. ती त्या दिवशी पूर्ण वाक्यात काहीच बोलली नाही.

काका परत यायला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत मी धड बसले नाही. ट्रेनमध्ये जागा असली तरी उभी राहायची. ऑफिसात स्क्रीनवर एकीकडे काम आणि दुसरीकडे थांक्यांची माहिती. खनिजांच्या भुकटीत जनावराच्या कातड्याचा सरस मिसळून हे रंग करतात, आणि सरस पाण्याने सुटतो. इतकी साधी गोष्ट. "पानी से बचाना" म्हणून मला सांगितलेलंसुद्धा होतं. ते मी ओल आणि बुरशीपुरतंच धरलं.

एका संग्रहालयात जुन्या चित्रांची दुरुस्ती करणाऱ्या बाईंना मी ईमेल पाठवला. दुसऱ्या बुधवारी ट्रेनमध्ये त्यांचं उत्तर आलं. कृपया आणखी हात लावू नका. हे काम त्या परंपरेतल्या चित्रकाराचं आहे. कोरडी भुकटी मऊ ब्रशने झटकली असती तर बहुधा निघून गेली असती. नुकसान झालं ते ओलाव्याने आणि घासण्याने. मी ते चार वेळा वाचलं आणि एक स्टेशन पुढे जाऊन उतरले.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाल्या त्या बाई?"

मी म्हटलं, "इथे दुरुस्त होणार नाही म्हणाल्या."

"आणि?"

"आणि काही नाही."

आईने नेहमीसारखं पूर्ण वाक्य मागितलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "ते आले की मी सांगीन, माझ्या हातून झालं म्हणून. मी कुंकू लावलं नसतं तर तू पुसायला गेली नसतीस."

मी त्यावर नाही म्हटलं नाही. खरं तर मला हलकं वाटलं. सत्तरी ओलांडलेली बाई, परदेशात पाहुणी आलेली, भक्तिभावाने चूक झाली, असं म्हटलं तर कोण रागावणार आहे? हा हिशेब माझ्या डोक्यात झाला, आणि तो बरोबर आहे असंही मला वाटलं. आजही ते आठवलं की मी खोलीत फेऱ्या मारायला लागते.

एवढ्यावरही मी गप्प बसले नाही. तिसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी वेलिंग्टनमध्ये चित्रांच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे पिवळ्याच्या इतक्या छटा होत्या की मी फोनवरचा फोटो एकेका नळीशेजारी धरून बघत उभी राहिले. दुकानातल्या मुलीने काय रंगवायचंय विचारलं. मी म्हटलं, "अ फेस." ती इथल्या पद्धतीने "स्वीट ॲज," म्हणजे मस्तच, असं म्हणाली आणि बारीक ब्रश काढून दिला. संध्याकाळी मी थांक्यासमोर स्टूल ओढलं, बशी घेतली आणि नळीचं झाकण उघडलं.

आई येऊन शेजारी उभी राहिली. "त्यात पाणी घालणार ना?"

मी बशीकडे बघितलं. पाणी घातलेलंच होतं.

तिने माझ्या हातातून ब्रश काढून घेतला, पडदा खाली सोडला आणि तिची खुर्ची थांक्यासमोर ओढून तिथे बसली. मी घरात असेन तेव्हा ती बहुतेक तिथेच बसलेली असायची. कुणापासून राखण करत होती हे दोघींनाही माहीत होतं. तिच्या अंगात तोच स्वेटर असायचा. मी दोनदा धुतला होता, तरी बाहीवरची लाल रेघ गेली नव्हती. तो मशीनमधून निघाला की दर वेळी मी आधी बाही बघायची.

जूनच्या पहिल्या रविवारी काका आले. बहीण बरी होती. त्यांनी आमच्यासाठी अक्रोड आणले होते. आईला बघून वाकून नमस्कार केला, दीदी म्हणाले, प्रवास कसा झाला विचारलं. मी चहा ठेवला आणि ओटा पुसायला लागले. तो आधीच पुसलेला होता.

बाहेर आईने माझी वाट बघितली नाही. तिचं हिंदी सगळं मराठी वळणाचं. "भाईसाब, एक गलती हो गई. मेरे हाथ से हुई." मग तिने सगळं सांगितलं, आणि त्यातलं अर्धं मीही पहिल्यांदाच ऐकत होते. मी मध्ये विचारलंच नव्हतं. त्या शुक्रवारी ती सकाळपासून एकटी होती. पडदा वर करून बसली होती. देवीच्या हातात आरसा आहे हे तिला रोज दिसायचं, पण त्या दिवशी तिला वाटलं की ही आरसा स्वतःसाठी धरत नाही, समोर बसलेल्यासाठी धरते. आणि हिचंही कपाळ आपल्यासारखंच मोकळं आहे. म्हणून आधी तिला लावलं आणि मग स्वतःला. "अच्छा लगा था," आई म्हणाली. "बहुत दिन के बाद."

काकांनी पडदा वर केला. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. त्यांनी चष्मा काढला आणि चेहऱ्याच्या अगदी जवळ गेले. मग हळू विचारलं, "पानी किसने लगाया?"

"मैंने," आई म्हणाली.

ते तिला म्हणाले, "दीदी, सूखा रंग तो फूँक मारने से उड़ जाता. ये पानी का काम है." त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

चहा ट्रेमध्ये सांडला होता. मी म्हटलं, "मैंने पोंछा. गीले कपड़े से. माँ ने नहीं." एकदा सुरू झाल्यावर मी थांबले नाही. तुम्ही सांगून गेला होतात, मी विसरले, मला वाटलं हळद आहे म्हणून मी घासत राहिले, मला माफ करा. हिंदी पुरलं नाही तेव्हा इंग्रजीत सॉरी म्हटलं, आणि तेही दोन-तीनदा.

ते रागावले नाहीत, आणि असू द्या असंही म्हणाले नाहीत. खालच्या दांडीपासून त्यांनी थांका वर गुंडाळत नेला, पिवळ्या कापडात बांधला. म्हणाले, त्यांच्याकडचा एक चित्रकार आहे, त्याच्याकडे पाठवावा लागेल, वर्ष जाईल. चेहरा पुन्हा करता येतो. डोळे मात्र सगळ्यांत शेवटी काढतात, दिवस बघून. मग अगदी सहज, पावसापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "माँ की एक ही चीज़ थी मेरे पास." चहा न घेता ते गेले. अक्रोड टेबलावर राहिले.

दार लागल्यावर आईने विचारलं, "कोरडं कुंकू निघून गेलं असतं, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"त्या बाईंचा ईमेल आला तेव्हापासून."

तिने कप उचलले आणि धुवायला घेतले. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिले, तर म्हणाली, "राहू दे, वाळतील." जुलैत ती परत गेली. जायच्या आदल्या दिवशी मी करंडा तिच्या बॅगेत घालायला निघाले होते, पण हिंमत झाली नाही. एअरपोर्टवर तिने मला जवळ घेतलं, पोरीला पापा दिला, औषधांची पिशवी तपासली. तो शुक्रवार आमच्यामध्ये तसाच राहिला.

मग वर्षभर काका बाजारात भेटत राहिले. मुळ्याचा पाला घ्यायचे, बहिणीची तब्येत सांगायचे, पण रविवारी चहाला येत नव्हते. हवेतली ओल शोषणारा आमचा डीह्युमिडिफायर मी त्यांना नेऊन दिला, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी दारात आणून ठेवला, वर आभाराची चिठ्ठी. मला ते पटलं. मी त्यांच्या जागी असते तर चिठ्ठीसुद्धा लिहिली नसती. त्यांची मी दोन भाषांत माफी मागितली होती, निदान तेवढं तरी झालं होतं. रोज संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉल व्हायचा. ती फोन असा धरायची की निम्मा वेळ पंखाच दिसायचा. चेहरा दिसला की मी आधी कपाळ बघायची. ते मोकळंच असायचं. मग मी घाईघाईने भाजी, शाळा, हवा असलं काहीतरी विचारत राहायची.

मागच्या महिन्यात काकांनी बोलावलं. घर बदललंय त्यांनी. हे कोरडं आहे, मी आत शिरताच भिंतीला हात लावून बघितला आणि ते हसले. थांका आतल्या भिंतीवर होता. त्यांनी पडदा वर केला. चेहरा पूर्ण होता, भुवई होती, दोन्ही डोळे होते. नवा पिवळा जुन्यापेक्षा जरा जास्त उजळ आहे, त्यामुळे कुठून कुठपर्यंत पुसलं होतं ते कळतं. ते म्हणाले, चित्रकार विचारत होता, जुन्याशी जुळवून काळपट करू का? त्यांनीच नको म्हणून सांगितलं होतं. मग चहा आला, मी तो उभ्यानेच प्यायले. निघताना ते म्हणाले, "दीदी आएँगी तो टीका लगा देंगी. सूखा."

संध्याकाळी मी हे आईला सांगितलं. पंखा दिसत होता. तो बराच वेळ दिसत राहिला. मग तिने फोन सरळ केला आणि तिचा चेहरा आला.

"चित्राचं तू त्यांना सांगितलंस," ती म्हणाली. "वर्ष झालं. मला कधी सांगणार आहेस?"

मी उठून उभी राहिले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. "आई, सॉरी," म्हटलं.

ती थांबून राहिली.

"चुकलं माझं."

"काय चुकलं? पूर्ण वाक्यात सांग."

मी खाली बसले. फोन टेबलावर उभा केला, म्हणजे हात मोकळे राहिले आणि पळायला निमित्त उरलं नाही. मग म्हटलं, "दोन वर्षांनी तुला लावावंसं वाटलं होतं ते कुंकू मी तुला पुसायला लावलं."

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. कपाळ मोकळंच होतं. मग वर्गात म्हणायची तसं म्हणाली, "बरोबर."